रिकाम्या खोल्यांतले दिवे

३ मार्च

आज टपालाने आलं ते असं: पत्र्याची एक लांब नळी, दोन्ही टोकांना काच, त्यातली एक काच कापसात गुंडाळलेली. तीन लाकडी पाय. ताऱ्यांचा एक नकाशा, घडीवर फाटलेला. मामंजींच्या नावाने चार ओळींची चिठ्ठी. तिकिटं कमी लावली होती. पोस्टमनने दंडासकट जे वसूल केलं त्यात आमचं आठवड्याचं दूध आलं असतं. तुमचे भाऊ म्हणाले, देणगीखाली मांड. मी 'नासधूस' असं नवं सदर काढून त्याखाली मांडलं आहे.

भाऊजींना आशीर्वाद. रीत म्हणून लिहिते. रीत मोडायला मला कारण लागतं, तुमच्यासारखं नाही.

चार वर्षांत तुमची एक ओळ नाही. सासूबाई गेल्या त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी दिवा लावत होते, घर माणसांनी भरलेलं, आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "आई कुठेही गेलेली नाही वहिनी, ती संपली." मी म्हटलं, मग प्रार्थनेला थांबू नका. तुम्ही थांबला नाहीत. पिशवी उचललीत आणि त्या टेकडीवरच्या हवामान केंद्रात वारा मोजायला गेलात, ते गेलातच. मामंजी शिवणयंत्राचं चाक धरून पोस्टमनची वाट बघत बसायचे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मी सांगते.

आणि आता मामंजींना उजेड दिसायला लागला म्हटल्यावर दर आठवड्याला पत्र! मामंजी तुम्हाला उत्तरात काय कळवतात ते मला ठाऊक नाही. ते सांगतात, तुमचे भाऊ लिहून घेतात, आणि तुमचे भाऊ म्हणजे टपालपेटी. आत गेलेलं बाहेर येत नाही.

जानेवारीपासून रोज संध्याकाळी, अंधारून आलं की, मामंजींना डाव्या बाजूला उजेड चमकून जाताना दिसतो. विजेसारखा, पण गडगडाट नाही. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, जाड चष्मा लावून जन्मभर लोकांचे कपडे शिवले, गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधीसुद्धा परत केली. अशा माणसाला देवाने उजेड दाखवला तर त्यात नवल ते काय? आणि तुम्ही त्यांना गेल्या पत्रात लिहिता, "बाबा, हे दुसऱ्या ग्रहावरचे पाहुणे आहेत, नीट लक्ष ठेवा." मामंजी परवापासून त्या उजेडाला "पाहुणे" म्हणायला लागले. देवाला पाहुणे! माझा जीव तीळ तीळ तुटला.

नळी परत पाठवायची तर खर्च माझ्याच माथी, म्हणून कपाटावर टाकली आहे. तीन पायांवर टॉवेल छान वाळतो.

म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात हे भरवणं बंद करा. मामंजींचा उजेड या घरातला आहे, त्याला या घरातच राहू द्या.

— वहिनी


१० मार्च

वहिनींना नमस्कार.

दुर्बिणीच्या पायांवर टॉवेल वाळतो हे वाचून बरं वाटलं. तुमच्या घरात माझी एखादी वस्तू प्रथमच उपयोगी पडली.

आई संपली असं मी म्हणालो होतो, हे खरं. तुम्ही त्या वेळी दिव्याला तेल किती दिवस पुरेल ते पुटपुटत होता, हेही खरं. दोघांनीही आपापल्या स्वभावाप्रमाणे दुःख केलं असं समजू.

बाबा काय कळवतात ते तुम्हाला ठाऊक नाही ना? मग ऐका. तीन दिवे. त्रिकोणात. डावीकडून येतात, क्षणभर थबकतात आणि नाहीसे होतात. हे दादाच्या अक्षरात माझ्यासमोर आहे. बाबांना देव दिसला असता तर त्यांनी तुम्हाला सांगून विषय संपवला असता. मला कळवलं, कारण हे देवाचं काम नाही हे त्यांनाही कळतं.

तुम्ही हसाल, पण या टेकडीवर मी एकटा वेडा नाही. आमचं आकाशमित्र मंडळ आहे. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, एक बसचालक, दोन शिक्षिका, एक बँकेतला रोखपाल. बसचालक म्हणतो, "सतत वर बघितलं की खालच्या साहेबाची भीती वाटत नाही." दर मे महिन्यात आम्ही इथे जमतो. यंदा बावीस मेला बाबांनी सगळ्यांपुढे बोलावं अशी मंडळाची इच्छा आहे. आमच्याकडे ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत, रोज पाहणारा माणूस एकही नाही.

आता तुम्हाला समजेल अशा भाषेत एक प्रश्न. तुमच्या घरात मी कितीतरी वर्षं राहिलो. माणूस खोलीतून उठला की त्याच्या मागोमाग जाऊन तुम्ही दिवा मालवायचात. पुस्तक खाली ठेवून मी क्षणभर खिडकीशी गेलो तरी मागे अंधार. रिकाम्या खोलीत दिवा जळणं म्हणजे पाप, असं तुम्हीच म्हणायचात. आकाशातला एकेक ठिपका म्हणजे एकेक सूर्य आहे वहिनी. मोजायला बसलात तर तुमच्या हिशेबाच्या साऱ्या वह्या कमी पडतील. तुमचा देव तुमच्याहून इतका उधळ्या आहे का, की एवढ्या रिकाम्या खोल्यांत एवढे दिवे जाळत बसेल? त्या खोल्यांत कोणीतरी राहत असणार.

बाबांना माझ्या वतीने एवढंच विचारा: डोळे मिटले तरी उजेड दिसतो का? स्वतः विचारा, दादाकडून नको. आणि उत्तर जसंच्या तसं लिहा, प्रार्थनेत बुडवून नको.

— तुमचा नास्तिक दीर


१८ मार्च

पत्र पोचलं. या खेपेला तिकिटं पुरेशी होती, आभार.

भाऊजी, तीन दिवे? आणि त्रिकोण? मामंजींनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं ते असं: एकच ज्योत, पिवळी, निवांत, वारा नसताना दिवा जळतो तशी. मी त्यांच्या पायाशी बसून ऐकलं. खोटं कोण लिहितं ते सांगायला ज्योतिषी नको. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तुमच्या मनात तर सगळं तारांगणच.

तुमचा प्रश्न विचारला. मामंजी म्हणाले, "मिटल्यावर तर जास्तच दिसतो गं." झालं समाधान? डोळे मिटून बाहेरचं दिसतं का कधी? जे आत असतं तेच दिसतं. तुमच्याच तराजूत तुम्हीच उणे ठरलात. मी देवापुढे पेढा... नाही, साखर ठेवली. साखर घरात होती.

आणखी ऐका. आता उजेडाबरोबर काळे ठिपकेही दिसतात, बटणांचा डबा लवंडावा तसे, खाली खाली तरंगत जातात. मी म्हटलं, मामंजी, हा मनाचा मळ झडतोय. तर मला म्हणतात, "माझ्या मनात एवढा होता?" मी म्हटलं, एकोणऐंशी वर्षांचा साठतोच. खूप हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

प्रार्थनेला येणाऱ्या बायका हल्ली त्यांच्या खोलीत डोकावून जातात. नळ दुरुस्त करणाऱ्याची आई तर आपला गुडघा कधी बरा होईल तेच विचारून गेली. मामंजी म्हणाले, "गुडघ्याचं माप आधी घ्यावं लागेल." मी दटावलं. तरी सांगते, या घरात आजवर विजेचं बिल मागायला येणाऱ्याशिवाय कोणी आशेने आलेलं नव्हतं. मला बरं वाटतं, त्यात तुमचं काय जातं?

दिव्याचं लिहिलंत ते दोन दिवस मनात घोळवलं. उत्तर सुचेना म्हणून भाजी करपली. पण मग सुचलं. माझ्या घरात रिकाम्या जागी एक दिवा जळतो, तुम्हाला माहीत असून विसरलात. जिन्यातला. घरातलं शेवटचं माणूस परत येईपर्यंत तो मी मालवत नाही. जिन्यात कोणी राहत नाही. तो राहणाऱ्यासाठी नसतोच, येणाऱ्यासाठी असतो. देवाचे दिवे तसले समजा.

आणि खरं विचाराल तर मला तुमच्या त्या वरच्या लोकांचा राग नाही, कीव येते. टेकडीवर तुमच्याशी बोलायला मनुष्य नाही. दोन ठिकाणी मुली बघितल्या, दोन्हीकडे तुम्ही वाऱ्याच्या दिशेवर बोललात. ज्याच्या घरात कोणी नसतं त्याला आभाळात माणसं लागतात. बसचालकाची, डॉक्टरीणबाईंची, सगळ्यांची तीच कथा असणार.

मामंजी तुमच्या मेळाव्याला येणार नाहीत. लोकांपुढे उभं करायला ते काही सर्कशीतलं अस्वल नाहीत.

— वहिनी


२७ मार्च

वहिनी,

येणाऱ्यासाठी दिवा. वाक्य चांगलं आहे, प्रार्थनेच्या बायकांना ऐकवा. चार वर्षांत तो माझ्यासाठी किती संध्याकाळी जळला, ते तुमच्या वहीत मांडलेलं असेलच.

आणि अस्वलाबद्दल तुम्ही बोलावं! गुडघे दाखवायला बायकांची रांग कोणाच्या दारात लागते?

तुम्ही माझ्या एकटेपणाची कीव केलीत, म्हणून एक गोष्ट सांगतो. पुन्हा सांगणार नाही. मी आठ वर्षांचा होतो. गोवर झालेला, उजेड सोसेना, म्हणून संध्याकाळी आई मला घेऊन गच्चीवर बसायची. मांडीवर बाबांनी शिवलेले सदरे, ती काजं करायची. बाबांचं दुकान जोरात, तिची बोटं सुजलेली. एकदा तिने सुईनेच एक तारा दाखवला आणि म्हणाली, "तिथेसुद्धा कोणीतरी बसली असेल रे काजं करत. तिचीही पाठ दुखत असेल." बस, एवढंच. त्या दिवसापासून मला आकाश रिकामं वाटलं नाही. हे मी मंडळात शिकलो नाही की पुस्तकात वाचलं नाही.

ती गेली तेव्हा तुम्ही सगळे किती सहज म्हणत होतात, ती वर आहे, सुखात आहे. मला ती सुखात नको होती, खोलीत हवी होती. म्हणून बोललो. माफी मागत नाही, सांगतोय.

आता कामाचं. डोळे मिटूनही दिसतं, याचा अर्थ उघड आहे. त्यांना आपल्या डोळ्यांची गरजच नाही, ते थेट मेंदूशी बोलतात. मंडळात पत्र वाचून दाखवलं, कोणालाच शंका उरली नाही. ठिपक्यांचंही बाबांनी मला कळवलं आहे, फक्त त्यात बटणं नाहीत. यानांचा ताफा आहे. तुम्ही देव्हाऱ्याच्या चौकटीतून बघता म्हणून तुम्हाला बटणं दिसतात.

वीस मेला केंद्राची सामानाची गाडी घेऊन मी येतोय. बाबांना इथे आणणार. परवानगी मागत नाही, कळवतोय. वडील माझेही आहेत.

— दीर


२३ एप्रिल

महिनाभर लिहिलं नाही, कारण चांगलं सुचेना आणि वाईट लिहायला तिकीट कशाला खर्च करा.

सासूबाईंची गोष्ट वाचली. अठ्ठावीस वर्षं त्या आणि मी समोरासमोर बसून काजं केली. मला त्यांनी कधी तारा दाखवला नाही. चुकलेलं काज मात्र रोज दाखवलं. असो.

गेल्या पंधरवड्यात इथे फार मोठी गोष्ट झाली आहे. मामंजींच्या डाव्या बाजूने पडदा आला आहे. करडा, जाड, खालून वर सरकत जातो असं म्हणतात. तिकडचा उजेड आता थांबला. आणि उजव्या बाजूला नवा उजेड सुरू झाला. दर्शनाच्या आधी देवापुढे पडदा ओढलेला असतोच ना? तो उघडायची वेळ जवळ आली, असं मला वाटतं. प्रार्थनेतल्या सगळ्यांना वाटतं. म्हणून तर मामंजींना आता इथून हलवायचं नाही.

एक तक्रार मात्र आहे आणि ती तुमच्या नावाने आहे. नळवाल्याची पॅन्ट मामंजींनी शिवून दिली. एक पाय दुसऱ्यापेक्षा चार बोटं आखूड, आणि टीप अशी की रस्त्याने दारुडा चालत गेल्यासारखी. नळवाला घालून दाखवायला आला, दारात उभा राहिला तर तिरका उभा आहेसं वाटे. मामंजींची टीप म्हणजे पट्टीने ओढलेली रेघ, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी रागावले. तर म्हणतात, "टीप सरळच आहे गं, कापड वाकडं झालंय हल्ली." काल चहा कपाबाहेर ओतला. जिन्यात डावा खांदा भिंतीवर आपटून घेतला, चांगला काळानिळा झाला आहे. हाक मारावी तर मान पार वळवून बघतात, जसं काही मी दुसऱ्या गावाहून बोलते.

हे तुमचं काम. पत्रावर पत्रं लिहून माणसाचं लक्ष इतकं आभाळात अडकवलंत की हातातलं काम दिसेना. जन्मभर कमावलेलं नाव एका पॅन्टपायी गेलं. कापड भरून द्यावं लागलं.

वीस मेला यायचं तर या. दाराला कडी आहे आणि ती मला लावता येते.

— वहिनी


२९ एप्रिल

वहिनी, नमस्कार राहू द्या. बाबांना आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. उद्या नाही. पत्राचा उरलेला भाग वाटेत वाचा.

मला कळलं ते त्या पॅन्टमुळे. बाबांची टीप वाकडी गेली, हे मी तीनदा वाचलं. देव असो नाहीतर पाहुणे असोत, त्यांच्याकडे बघत बघतही बाबांनी टीप सरळच घातली असती. आईला नेल्यावर दुसऱ्या दिवशी यंत्रावर बसलेला माणूस आहे तो, तेव्हाही टीप सरळ होती.

इथे रोज सकाळी मी वारा मोजायच्या यंत्रावर झाकण घालतो आणि काटा बघतो. झाकणाखाली काटा हलला तर तो वारा नव्हे, यंत्र बिघडलंय. केंद्रात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच शिकवतो. "डोळे मिटून दिसतं का" हा प्रश्न तुम्हाला मी त्यासाठीच विचारला होता. तुम्ही उत्तर पाठवलंत. झाकणाखाली काटा हलत होता वहिनी, आणि मी ते पत्र मंडळात वाचून टाळ्या घेतल्या.

उजेड, ठिपके, पडदा, यातलं काहीच बाहेर नाही. तुम्ही म्हणता त्या 'आत'ही नाही. बाबांच्या डोळ्यात आहे.

मी तर दोन दिवसांच्या वाटेवर बसलेला मूर्ख. पण तुम्ही त्याच घरात होता. कपाबाहेर चहा सांडताना तुम्ही बघितलात, खांदा काळानिळा झालेला बघितलात, आणि दर्शन जवळ आलं म्हणून बायका बोलावल्यात. हे मी विसरणार नाही. भांडण नंतर करू, सोडणार नाही मी. आधी त्यांना न्या.

— दीर


७ मे

भाऊजींना आशीर्वाद.

तुमचं पत्र चार तारखेला दुपारी आलं. कणीक तशीच टाकली, हात न धुता मामंजींना चपला घातल्या. रिक्षा केली. भाव ठरवला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई लहान वयाच्या आहेत, पण जिभेने सासू. त्यांनी डोळ्यात औषध घालून पुष्कळ वेळ बघितलं आणि मग मला विचारलं, "उजेड कधीपासून दिसतोय?" म्हटलं, जानेवारीपासून. "मग मे महिन्यात कशा आलात?" तेव्हा तुमचे भाऊ, जन्मात पहिल्यांदा, आपणहून बोलले. म्हणाले, "घरात मतभेद होते."

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ पडदा असतो, तो फाटून सुटत गेला आहे. सुटताना उजेड चमकतो, ठिपके पडतात. डॉक्टरीणबाई समजावत होत्या तर मामंजी मध्येच म्हणाले, "म्हणजे अस्तर उसवलंय." त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर." डावा डोळा गेला. सरळच म्हणाल्या, आता काही होणार नाही. उजवा उसवायला लागला आहे, तो शिवता येईल. सोळा तारखेला ऑपरेशन. तोपर्यंत दवाखान्यातच, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि नंतर तीन आठवडे तसंच उताणं. मान हलली तर उरलंसुरलं अस्तरही सुटेल आणि मग कायमचा अंधार. हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं, जणू मी बहिरी.

तुम्ही लिहिलंत ते विसरणार नाही म्हणून. नका विसरू. मीही तुमच्या टाळ्या विसरणार नाही.

पण एक गोष्ट आपल्या दोघांनाही ऐकायला हवी. पट्टी बांधल्यावर मी मामंजींना विचारलं, तुम्हाला डावीकडचं दिसत नव्हतं हे तुम्हाला कळत होतं ना? म्हणाले, "कळत होतं की. गेला महिनाभर मी पॅन्ट हाताने चाचपून शिवली." मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "चार वर्षं धाकट्याचं पत्र नव्हतं. उजेड आला आणि पत्रं आली. डोळा बिघडलाय म्हटलं असतं तर तुम्ही चष्मा बदलून दिला असता, आणि पत्रं थांबली असती." मी विचारलं, एक ज्योत की तीन दिवे? "तुला एक आवडायची, त्याला तीन. मी शिंपी आहे गं. ज्याच्या त्याच्या मापाने बेतून दिलं."

मी तुमच्या भावांकडे वळले. दोन्ही गोष्टी यांना माहीत! म्हणतात, "मी लिहून घेत होतो. मला कोणी विचारलं?" भाऊजी, मी त्यांना दवाखान्यात काही बोलले नाही. घरी आल्यावर बोलले.

आता खरी अडचण. मामंजी पडून राहत नाहीत. शिंप्याचं अंग ते, हात सुई शोधत राहतात, मान त्यांच्यामागे जाते. मी उशाशी बसून प्रार्थना म्हणते. पहिल्या कडव्याला "हं", दुसऱ्याला "हं हं, पुढचं येतं मला", आणि तिसऱ्याला उठून बसायला बघतात. परिचारिका दोनदा ओरडून गेली. काल मी रडकुंडीला येऊन म्हटलं, मामंजी, तुम्हाला काय हवंय ते तरी सांगा. तर म्हणाले, "पाहुण्यांचं काहीतरी सांग."

मी देवाची मनात माफी मागितली आणि सांगितलं. काय सांगणार? सुचलं ते. म्हटलं, तिकडे एका ताऱ्याजवळ एक बाई आहे, सदऱ्यांना काजं करत बसली आहे, तिची पाठ दुखतेय. मामंजी एकदम स्तब्ध झाले. बोटंसुद्धा हलेनात. मग हळूच विचारलं, "तिचा नवरा काय करतो?" मी म्हटलं, शिवतो. "धंदा कसा आहे?" म्हटलं, बरा आहे. "मुलं किती?" दोन म्हटलं. "धाकटा जवळ असतो का?" तिथे माझं अडलं. शाळेतही निबंधात मला कमीच मार्क असायचे. मी थांबले तशी त्यांची मान हलली.

तेव्हा तुम्ही या. वीस तारखेची वाट बघू नका, मेळावा यंदा सोडा. न्यायला येऊ नका, राहायला या. तुमचे ते ग्रह, ती यानं, तो बसचालक, काय असेल नसेल ते सगळं घेऊन या आणि मामंजींच्या कानाशी बसून सांगा. खरं खोटं मी विचारणार नाही. मला त्यातलं अक्षरही पटत नाही आणि पटणार नाही, मी बाजूला बसून माझी प्रार्थना मनात म्हणेन. तुम्ही वाद काढू नका, मी काढणार नाही. टाके निघाले की पुन्हा सुरू करू, पुष्कळ शिल्लक आहे.

कपाटावरची नळी काढून पुसून ठेवली आहे. टॉवेल दोरीवर घातला.

जिन्यातला दिवा चार तारखेपासून मालवलेला नाही. दिवसाही विसरून तसाच राहतो, तरी मी काही बोलत नाही, वहीतही मांडत नाही. कधी येता ते परतीच्या टपालाने कळवा. टपालाच्या त्याच गाडीत तुम्हीच बसलात, तर तिकीट वाचेल.

— वहिनी